पेलेट स्टोव्ह घेण्याआधी छताकडे बघा

पत्र (थोडक्यात): आम्ही दोघं निवृत्तीनंतर सांगलीहून पाचगणीजवळच्या भिलारला राहायला आलो. सोबत ८२ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे थंडीत फार दुखतात. घर जांभ्या दगडाचं, वर पत्रा. हॉल १५ बाय २० फुटांचा, त्याला लागून सासूबाईंची खोली. डिसेंबर-जानेवारीत रात्री घरात बसवत नाही. सध्या कोळशाची शेगडी पेटवून दार लावून घेतो. परदेशातल्या भाच्याने पेलेट स्टोव्ह (दाबलेल्या भुश्याच्या छोट्या कांड्या, म्हणजे पेलेट, जाळून खोली गरम करणारा) सुचवला. एका विक्रेत्याने ९ किलोवॅटचा दाखवला आहे. वाळवा भागातून बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) पेलेट स्वस्तात मिळतील असंही कळलं. घ्यावा का? कसा बसवावा? पावसाळ्यात त्याचं काय करायचं?

उत्तर:

ताई, स्टोव्हचं नंतर बोलू. आधी ती शेगडी आज रात्रीपासून बंद करा. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतून उठत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा समज इथेच घात करतो, कारण लाल फुललेला, धूर न करणारा कोळसाही हा वायू भरपूर सोडतो. सोय होईपर्यंत सासूबाईंच्या खोलीत तेल भरलेला विजेचा हीटर लावा आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी द्या. पुढे स्टोव्ह घेतलात तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हॉलमध्ये एक आणि त्यांच्या खोलीत एक, असे दोन लावायचेच.

आता ९ किलोवॅटचं. तुमच्या हॉलचा हिशोब मांडून बघू. बाहेर ८ अंश आणि आत २० अंश हवेत असं धरलं, तर उघड्या पत्र्यातून साधारण २ किलोवॅट उष्णता निघून जाते. जांभ्याच्या दीड फुटी भिंतींतून दीड, आणि खिडक्या व फटींतून मिळून एक. बेरीज साडेचार. म्हणजे जवळजवळ निम्मी गळती एकट्या पत्र्याची आहे. पत्र्याखाली छत घालून त्यावर ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) पसरलं की पत्र्याचे २ किलोवॅट पाव-अर्ध्या किलोवॅटवर येतात आणि एकूण गरज तीनच्या आत बसते. पैसे खर्चायचेच असतील तर पहिला खर्च हा करा. स्टोव्ह पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. छताचा फायदा विजेच्या हीटरलाही मिळतो आणि मे महिन्यातल्या उन्हातही.

छत घालताना दोन गोष्टी सांभाळा. जिप्समचं बोर्ड तुमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतं, म्हणून फायबर सिमेंटचं बोर्ड घ्या. आणि रॉकवूल पत्र्याला चिकटवू नका, मध्ये चार-सहा इंच हवा खेळू द्या. रात्री पत्रा थंड होऊन आतून घामेजतो. ते पाणी वाळायला वाट नसेल तर रॉकवूल ओलं होतं, आणि ओलं रॉकवूल काहीच अडवत नाही. खोलीकडच्या बाजूने रॉकवूलखाली प्लास्टिकचा जाड कागद टाकला की घरातली वाफ वर जात नाही.

तीन किलोवॅटची गरज असलेल्या खोलीला ५ ते ६ किलोवॅटचा स्टोव्ह भरपूर झाला. ९ चा घेतलात तर तो कायम सर्वांत मंद आचेवर चालेल. मंद आचेवर ज्वलन अर्धवट होतं, काच काळी पडते, धुराच्या वाटा काजळीने भरतात. शिवाय खोली लवकर तापली की स्टोव्ह स्वतः विझतो आणि पुन्हा पेटतो. प्रत्येक पेटवणीत इग्नायटर (पेलेट पेटवणारा विजेचा भाग) झिजतो, आणि सर्वांत आधी खराब होणारा भाग तोच. विक्रेता मोठा का दाखवतो ते सांगायला नको.

जांभ्याच्या भिंती जाड असतात, त्या तापायला वेळ घेतात. रात्री नऊला स्टोव्ह पूर्ण आचेवर लावून दहाला ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका. संध्याकाळी पाचला मध्यम आचेवर सुरू करा. सासूबाईंची खोली तापवायची असेल तर एक छोटा टेबलफॅन त्यांच्या खोलीत जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड हॉलकडे करा. खालची थंड हवा हॉलमध्ये ढकलली जाते आणि तिच्या जागी दाराच्या वरच्या भागातून गरम हवा खोलीत येते. उलट, गरम हवा आत ढकलायला गेलात तर तितकं साधत नाही.

आता इंधन, कारण इथे बहुतेकांचं गणित चुकतं. घरगुती पेलेट स्टोव्ह बनतो तो ६ मिमी जाडीच्या, स्वच्छ लाकडाच्या भुश्यापासून दाबलेल्या पेलेटसाठी. त्यात ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि राख एक टक्क्याच्याही आत असते. आपल्याकडे जे पेलेट विकले जातात ते मुख्यतः कारखान्यांच्या बॉयलरसाठी आणि हॉटेलच्या भट्ट्यांसाठी असतात: ८ मिमी किंवा त्याहून जाड, बगॅस, शेंगांची टरफलं, सोयाबीनचं भुसकट असं मिसळलेले. बॉयलरमध्ये राख काढायची वेगळी यंत्रणा असते. तुमच्या स्टोव्हमध्ये वाटीएवढं एक भांडं असतं, बर्न पॉट. त्याच्या बुडाला भोकं असतात आणि त्यांतून हवा येते. बस्स.

समजा रोज ५ किलो पेलेट जळले. लाकडाच्या पेलेटची राख ३०-४० ग्रॅम होईल. राख ६ टक्के असलेल्या पेलेटची ३०० ग्रॅम होईल, आणि तीही त्याच वाटीत. शिवाय पिकांच्या अवशेषांत सिलिका आणि पोटॅश असतं. दोन्ही एकत्र आले की राख कमी तापमानालाच वितळते आणि थंड होताना काचेसारखा खडा होतो. याला क्लिंकर म्हणतात. क्लिंकर बर्न पॉटची भोकं बुजवतो, हवा कमी पडते, ज्योत लांब, मऊ आणि नारिंगी होते, काच तासाभरात काळी होते, न जळलेले पेलेट भांड्यातून ओसंडतात. शेवटी आग उलट ऑगरच्या, म्हणजे पेलेट भांड्यात ढकलणाऱ्या स्क्रूच्या, दिशेने सरकते. बगॅसचं म्हणाल तर उसाच्या रसाबरोबर त्यातलं बरंचसं पोटॅश निघून गेलेलं असतं, म्हणून पाचटापेक्षा तो बरा. पण ढिगातून उचलताना माती-वाळू येते आणि राख वाढते. भाताच्या तुसाचे पेलेट तर घेऊच नका, त्यात १८-२० टक्के राख असते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जे चालतं ते या नाजूक यंत्राला चालत नाही.

तेव्हा बगॅसचा स्वस्त सौदा सोडा. सॉमिलच्या भुश्याचे पेलेट करणारा उत्पादक शोधा आणि तीन गोष्टी लेखी मागा: ओलावा १० टक्क्यांच्या आत, राख दीड टक्क्याच्या आत, जीसीव्ही (किलोमागची उष्णता) ४,००० किलोकॅलरीच्या वर. जाडी ६ मिमी, किंवा तुमच्या स्टोव्हच्या पुस्तिकेत ८ चालतं असं लिहिलं असेल तर ८. प्लायवूड, एमडीएफ किंवा रंगवलेल्या फर्निचरचा भुसा त्यात नको, त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो.

एक पोतं आणून घरी तपासा. १ किलो पेलेट ३ मिमी भोकांच्या चाळणीत चाळा, खाली १० ग्रॅमपेक्षा जास्त भुगा पडला तर माल कच्चा आहे. भुगा ऑगरच्या तळाशी घट्ट बसतो. पाण्याच्या ग्लासात चार पेलेट टाका. चांगले दाबलेले लगेच बुडतात, तरंगणारे सैल असतात. दीड इंचापेक्षा लांब कांड्या जास्त असतील तर त्या हॉपरच्या (पेलेट भरायच्या टाकीच्या) तोंडाशी आडव्या बसतात आणि वरचा माल खाली उतरत नाही. मग १० किलो जाळून राख तोला. दीडशे ग्रॅमच्या वर गेली तर उत्पादकाचा कागद खोटा.

एका हंगामाला, म्हणजे नव्वद रात्रींना रोज ५ किलो धरून, ४५० किलो लागतील. ते नोव्हेंबरमध्ये आणा. मार्चमध्ये स्वस्त मिळतात म्हणून भरून ठेवलेत तर जून ते सप्टेंबरची भिलारची हवा ते सांभाळू देणार नाही. पेलेट ओलावा ओढून फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो. पोती जमिनीपासून अर्धा फूट वर फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवा. खोलीला खिडकी हवी: साठवलेल्या ताज्या पेलेटमधूनही थोडा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. झोपायच्या खोलीत साठा नको.

बसवण्यात सगळ्यात महत्त्वाची धुराची नळी. आपल्या जुन्या धुराड्यात धूर आपोआप वर ओढला जातो. पेलेट स्टोव्हमध्ये पंखा तो ढकलतो, त्यामुळे नळीत दाब असतो, आणि सांधा सैल असेल तर धूर घरात येतो. म्हणून पत्रा वळवून केलेली जीआय नळी चालत नाही. ८० मिमी व्यासाची, दुहेरी भिंतीची, स्टेनलेस स्टीलची आणि प्रत्येक सांध्याला सिलिकॉन गॅस्केट असलेली नळी घ्या. तुमच्याकडच्या धुक्यात आणि पावसात ३०४ पेक्षा ३१६ ग्रेडचं स्टील जास्त टिकतं, निदान बाहेरचा भाग तरी त्याचा घ्या.

पत्र्याला भोक पाडायचा मोह टाळा. त्या पावसात पत्र्याचं भोक कितीही बुजवलं तरी दोन वर्षांत ठिबकतं. जांभ्याची भिंत जळत नाही, हा तुमचा फायदा. भिंतीतून नळी आडवी बाहेर काढा, बाहेर टी-जोड बसवा, टीच्या खालच्या तोंडाला साफसफाईचं झाकण, आणि तिथून नळी सरळ वर, वळचणीच्या पुढून, पत्र्याच्या कडेपेक्षा एक मीटर उंच. आडवा भाग कमीत कमी ठेवा, वळणं ९० ऐवजी ४५ अंशांची. जिथे नळी लाकडी वाश्याजवळून जाते तिथे नळीवर छापलेलं अंतर राखा. उभी उंची साडेतीन-चार मीटर मिळाली की वीज गेल्यावरही धूर स्वतःहून वर जातो. आखूड आडवी नळी असलेल्या घरात वीज गेली की धूर खोलीत भरतो, बहुतेक तक्रारी याच.

टोपी जाड तारेची किंवा पट्टीची घ्या. बारीक जाळी राखेने बुजते. नळी भिंतीला दर मीटर-सव्वा मीटरवर क्लॅम्पने आवळा. वाऱ्यासाठी हवंच, पण माकडांसाठी जास्त. पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात छतावरचं जे हलतं ते माकडं काढून बघतात. बाहेर बांधकामात बदल करण्याआधी स्थानिक परवानगी विचारून घ्या. हा सगळा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

ज्वलनाची हवाही बाहेरून पाइपने आणा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असताना तो घरातली हवा खेचतो आणि त्या ओढीत स्टोव्हची हवा कमी पडते. आणखी एक गोष्ट बसवणारे सहसा विसरतात: तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहात, तिथली हवा जवळपास १५ टक्के विरळ असते. स्टोव्हच्या सेटिंगमध्ये उंचीचा पर्याय असतो, किंवा धुराच्या पंख्याचा वेग वाढवता येतो. तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या. ज्योत आखूड, चपळ, पिवळी-पांढरी दिसली पाहिजे.

वीज. पेटताना काही मिनिटं ३००-४०० वॅट, मग १०० वॅटच्या आसपास. भाच्याने अमेरिकेतून पाठवतो म्हटलं तर नको म्हणा, तिकडचे १२० व्होल्टचे असतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर पंखे गुरगुरतात आणि वेग चुकतो. १५० अॅम्पिअर-तासाच्या एका बॅटरीवर स्टोव्ह सहज सहा-सात तास चालेल. आणि हे लिहून ठेवा: स्टोव्ह सारखा बंद पडतो म्हणून कुणी इलेक्ट्रिशियन प्रेशर स्विच ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. तो स्विच धुराची वाट बंद झाली की पेलेट टाकणं थांबवतो. तो डायरेक्ट केला की स्टोव्ह पेटेल, पण धूर तुमच्या हॉलमध्ये येईल.

रोज सकाळी, स्टोव्ह पूर्ण थंड असताना, बर्न पॉट काढून भोकं खरवडा. काम दोन मिनिटांचं. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, कधीच प्लास्टिकच्या बादलीत नाही, कारण राखेत निखारा दिवसभर जिवंत राहतो. आठवड्याला काच आणि राखेचा ट्रे. हंगामाच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा धुराचा पंखा आणि नळी ब्रशने साफ करा. लाकडाची राख अल्कधर्मी असते. परसातल्या आंबट जमिनीत मूठ-मूठ पसरायला हरकत नाही. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात मात्र ढीग ओतू नका, तिला किंचित आम्ल माती लागते.

पेटताना आतली पोकळी पांढऱ्या दाट धुराने भरली आणि ज्योत दिसली नाही, तर दार उघडू नका. तो न जळलेला वायू असतो, ठिणगी पडली की भडका उडतो. स्टोव्ह बंद करा, पंखा चालू राहू द्या, निवळल्यावर आणि गार झाल्यावर भांड्यातले न जळलेले पेलेट काढून टाका आणि मगच पुन्हा पेटवा. रॉकेल कधीही नाही.

आता तुमचा पावसाळ्याचा प्रश्न. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटचा जाळ झाला की हॉपरमधले पेलेट संपेपर्यंत स्टोव्ह चालवा. मग हॉपरच्या तळाचा भुगा व्हॅक्यूमने ओढा आणि ऑगर रिकामा होईपर्यंत फिरवा. ऑगरमध्ये मूठभर पेलेट राहिले तर जुलैत ते फुगून सिमेंटसारखे घट्ट बसतात, आणि नोव्हेंबरमध्ये गिअर मोटर जळते. अडकलाच तर मोटरवर जोर देऊ नका. मोटर सोडवून स्क्रू हाताने उलटा फिरवा आणि लाकडी काठीने माल मोकळा करा. राख एक कणही ठेवू नका, ओलावा धरून ती लोखंड खाते. आतल्या लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवा. प्लग काढून ठेवा, वळवाच्या विजांनी कंट्रोल बोर्ड जातो. नळीच्या तोंडाला आतून कापडी बोळा घालून त्याला लाल फडकं बांधा आणि ते स्टोव्हच्या दारातून बाहेर लोंबकळू द्या, म्हणजे नोव्हेंबरमध्ये तो तसाच पेटवला जाणार नाही. पेटवण्याआधी टी-जोडाचं झाकण उघडून गांधीलमाश्यांचं पोळं आहे का ते बघा.

मग घ्यावा का? १ किलो चांगल्या लाकडी पेलेटमध्ये साधारण ४.७ युनिट उष्णता असते, स्टोव्हमधून खोलीला ४ मिळतात. विजेच्या हीटरला तेवढ्याच उष्णतेसाठी ४ युनिट वीज लागते. गरम-थंड दोन्ही करणाऱ्या इन्व्हर्टर एसीला मात्र सव्वा-दीड युनिट पुरतं, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो आणि तुमच्याकडच्या ६-८ अंशांत नीट चालतो. युनिट १० रुपये धरलं तर एसीशी बरोबरी करायला पेलेट तुमच्या दारात १३ रुपये किलोच्या आत पडले पाहिजेत. बिलावरचा तुमचा दर आणि वाहतुकीसह पेलेटचा भाव घालून हा हिशोब स्वतः करा.

बहुतेकदा एसी स्वस्त पडेल. स्टोव्हची बाजू वेगळी आहे: थंडीच्या रात्री वीज गेली की एसी घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, स्टोव्ह चालतो. तुमच्या वस्तीत हिवाळ्यात तासन् तास वीज जात असेल आणि वर सांगितलेले लाकडी पेलेट हंगामभर देणारा माणूस नक्की असेल, तर ५-६ किलोवॅटचा घ्या. या दोन्हींतलं एक नसेल तर छत घाला आणि एसी लावा.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा आधी विचारा की हा खोली गरम करायचा स्टोव्ह आहे की स्वयंपाकाचा. पंखा लावलेल्या, धुराची नळी नसलेल्या पेलेटच्या चुलीही बाजारात ‘पेलेट स्टोव्ह’ नावानेच विकल्या जातात आणि त्या बंद खोलीत शेगडीइतक्याच घातक. त्यानंतर इग्नायटर, ऑगरची मोटर आणि धुराचा पंखा हे तीन सुटे भाग त्याच्याकडे आज शेल्फवर आहेत का ते बघा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं, तर स्टोव्हसोबतच एक जादा इग्नायटर विकत घेऊन ठेवा.